बाबांचं 'बरं'

बारकीचे बाबा खुर्च्या करायचे, आणि बारकीने केलेल्या प्रत्येक खुर्चीला "नाही" म्हणायचे. कारण सांगायची त्यांची रीत नव्हती. खुर्चीवर बसायचे, डोळे मिटून हात फिरवायचे, कुठल्यातरी सांध्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "नाही." मग बारकीने तो सांधा उकलायचा आणि चूक कुठे झाली ते आपलं आपण शोधायचं. त्या कारखान्यातलं शिक्षण ते एवढंच. घरातही तोच शब्द चालायचा. आई म्हणायची, "लग्नाला होकारसुद्धा यांच्या मोठ्या भावाने कळवला."

मग बाबांना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, बोलणं गेलं. इस्पितळातून घरी आले तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द शिल्लक होता, आणि तो होता, "बरं."

"चहा देऊ?" "बरं." "खिडकी लावू?" "बरं." "उघडू?" "बरं." शेजारी म्हणाले, आजारपणाने माणूस किती निवळला! आईने जन्मात न मिळालेले होकार उभ्या उभ्या वसूल केले. भिंतींना पिवळा रंग दिला, त्यांचा जुना कोट देऊन टाकला, बहिणीला राहायला बोलावलं. नंतर तीही कंटाळली. "भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं गं," ती म्हणाली. "तीही पिवळी."

दादा मात्र कंटाळला नाही. कारखान्याची जागा विकावी असं बारकीच्या या थोरल्या भावाच्या फार दिवस मनात होतं.

"जागा विकू ना, बाबा?"

"बरं."

"ऐकलंस?" दादा बारकीला म्हणाला. "तुझ्यादेखत म्हणाले."

"ते खिडकीलाही बरं म्हणतात, दादा."

"नको असतं तर नाही म्हणाले असते."

"त्यांना नाही म्हणताच येत नाही!"

"मग झालं तर," दादा म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी. रविवारी गिऱ्हाईक जागा बघायला येणार होतं.

बारकी कारखान्यात जाऊन बसली. जागेचं दुःख होतंच, पण खरं दुखणं वेगळं होतं. आजारपणानंतर तिने बाबांना एक खुर्ची दाखवली होती, आणि ते "बरं" म्हणाले होते. ज्या शब्दासाठी तिने इतकी वर्षं हाताची सालं काढली, तो चहा-खिडकीच्या भावात मिळाला. तिला बाबांचा रागच आला.

त्या रागातच तिने नवी खुर्ची करायला घेतली. पुढच्या पायाची खाच मुद्दाम मोठी कापली, फट सरसाने आणि भुश्श्याने बुजवली आणि वरून झकास पॉलिश मारलं. एरवी अशा लबाडीबद्दल बाबांनी तिला कारखान्याबाहेर काढलं असतं.

शनिवारी तिने बाबांना कारखान्यात आणून त्या खुर्चीवर बसवलं. काही विचारलं नाही. बाबांनी डोळे मिटले. हात खुर्चीवरून फिरत फिरत पुढच्या पायाशी आला आणि थांबला. तोंड वाकडं झालं, ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या.

"ना..." बाबा म्हणाले. "नाही."

बारकीने आनंदाने टाळीच वाजवली. पण बाबांचं झालं नव्हतं. हात मागे सरकला आणि मागच्या डाव्या पायाच्या सांध्यावर बोट टेकलं. तो सांधा तिने मन लावून केला होता.

"नाही."

तिने तो उकलून पाहिला. आत केसभर फट होती, खरीखुरी, तिची स्वतःची. दोन्ही सांधे तिने नव्याने भरले. सरस रात्रभर वाळू दिला आणि रविवारी सकाळी खुर्ची घरी नेली.

दादा गिऱ्हाइकाला जागा दाखवायला निघायच्या तयारीत होता. बाबा नव्या खुर्चीवर बसले.

"निघू ना, बाबा?" दादाने जाता जाता विचारलं. "जागा विकायचीय ना?"

"नाही."

"पण परवा तर बरं म्हणालात!"

"नाही."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "बोलले का हे?" तिने विचारलं. मग शब्द कोणता ते कळल्यावर म्हणाली, "झालं. आले पूर्वपदावर."

दादा फोन घेऊन गॅलरीत गेला. बारकी खुर्चीशेजारी खाली बसली. आता विचारायची तिला भीती वाटत होती.

"आणि खुर्ची, बाबा?"

बाबांनी डोळे मिटले. पुढचा पाय चाचपला. मागचा चाचपला. पुन्हा पुढच्याकडे आले. बारकीने श्वास रोखून धरला.

"बरं," ते म्हणाले.

बारकीने तोंड फिरवलं आणि पिवळ्या भिंतीकडे बघत मनसोक्त रडून घेतलं.