खिळ्यावरून दिसलेली रांग

मित्रांनो, भिवंडीजवळच्या वळ गावात एका गोदामाच्या गेटसमोर सीताबाईंची चहाची टपरी आहे. तिथे खिळ्याला लटकलेली काळी, चेन तुटलेली वस्तू दिसते ना, ती मी. रेक्झिनची बॅग. आता माझ्यात चहाची पूड असते, पण माझेही दिवस होते.

माझ्याआधी भिवंडीतले पुरुष कापडी पिशवी घडी करून बगलेत मारत. हातात लोंबती पिशवी दिसली की लोक विचारत, "काय, बाजाराला धाडलं वाटतं घरून?" मग लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा धंदा तेजीत आला आणि मी आले. फखरुद्दीन तेव्हा लूम मास्टर होता. तो मला काखेत धरून कारखान्यात शिरला आणि त्याने माझी चेन ओढली की चाळीस लूम क्षणभर गप्प होत. खोटं वाटत असेल तर लूमनाच विचारा. अर्थात, ते भंगारात गेले. खाडीला पूर आला तेव्हा तर मी फखरुद्दीनला पाठीवर घेऊन काल्हेर गावापर्यंत पोहत नेलं. बरं, पाठीवर नसेल. पण त्याने मला घट्ट धरलं होतं, हे खरं.

पुढे ब्रीफकेसा आल्या. मग बॅगा पुरुषांच्या पाठीवर चढल्या, तिथून छातीवर आडव्या झाल्या. लूम बंद पडले. साठीला टेकलेला फखरुद्दीन गोदामात पॅकिंगला लागला, तरी काखेत मीच. कारण माझ्या आतल्या कप्प्यात, गार राहावं म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक इंजेक्शन होतं. त्याला साखरेचा आजार होता. दुपारी जेवणाआधी तो मला घेऊन मोरीत जाई आणि पोटाला सुई टोचून येई. कोणाला कळू देत नसे. कळलं तर ड्युटी जाईल, अशी त्याला धास्ती.

मग एका सकाळी गेटवरच्या प्रितेशने काठी आडवी धरली.

"चाचा, ही बॅग आत नाही. नवा रूल आहे. पारदर्शक पिशवी पाहिजे, आतलं बाहेरून दिसलं पाहिजे."

"दिसण्यासारखं काय हाय माझ्याकडं? एक डब्बा आणि म्हातारपण."

"ते पण दिसू दे. वरून ऑर्डर आहे."

रांग हसली. फखरुद्दीनही हसला. पण त्याचा हात माझ्या आतल्या कप्प्यावर घट्ट होता. त्याने डबा तेवढा पारदर्शक पिशवीत घातला आणि मला सीताबाईंकडे ठेवलं. सुई माझ्याकडेच राहिली.

रोज तेच होऊ लागलं. दुपारची सुटी एवढीशी, गेट लांब. सुई चुकली म्हणून साखर वाढेल या भीतीने तो जेवेना. संध्याकाळी डबा भरलेला परत येई आणि तो टपरीवर तांब्यावर तांब्या पाणी पिई. मी खिळ्यावरून पाहत होते. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

"काय दादूस," सीताबाई म्हणाल्या, "डब्बा आजपण तसाच? घरवाली भांडली काय?"

"रशिदाच्या हातून मीठ जास्त पडलं."

"रोज?"

त्याने तांब्या खाली ठेवला. उठताना त्याने खांबाला धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला ठेवून रांगेत गेला आणि सीताबाईंनी माझी चेन ओढली. ओलं फडकं उलगडलं. त्या तिथेच खाली बसल्या.

"म्हादू पण असाच पाणी प्यायचा," त्या स्वतःशी बोलल्या. महादू म्हणजे त्यांचा नवरा. "आदी पाय गेला. मंग म्हादू."

त्यांनी इंजेक्शन एका पारदर्शक पिशवीत टाकलं आणि भर रांगेत ती फखरुद्दीनच्या हातात दिली.

"बाई, काय केलंस!" तो ओरडला. "ड्युटी खाल्लीस माझी!"

"ड्युटी दुसरी मिलंल. पाय दुसरा न्हाय मिलनार."

प्रितेशने पिशवी वर धरली. उन्हात सगळ्यांना सगळं दिसलं. आणि मित्रांनो, हे मात्र मी एक धागाही वाढवून सांगत नाही. मागून एकाने विचारलं, "चाचा, सुई दुखते का?" त्याने वाकून आपल्या मोज्यात लपवलेली औषधाच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि त्याच पिशवीत टाकली. मग दुसऱ्याने टोपीतून काढली. मग आणखी एकाने.

प्रितेश बघतच राहिला. "साहेबांना सांगावं लागेल," तो पुटपुटला.

"सांग," सीताबाई म्हणाल्या. "पन आदी आत सोड त्यांना. आनि जेवायच्या टायमाला दादूसला सुई घेऊ दे."

त्याने काठी वर केली. त्या संध्याकाळी फखरुद्दीनचा डबा रिकामा होता. साहेबांचा निरोप अजून आलेला नाही. रोज सकाळी काठी वर होईपर्यंत माझा जीव चेनीत अडकलेला असतो.

मला तो परत मागत नाही आणि मीही रुसत नाही. लपवायचं काम माझ्याइतकं कोणी केलं नसेल, पण आता नको ते काम. मित्रांनो, जुनी बॅग खुशाल अडगळीत टाका. पण घरातल्या कोणाचा डबा भरलेला परत आला, तर मीठ जास्त पडलं होतं यावर विश्वास ठेवू नका. शेजारी बसा आणि पुन्हा विचारा.