आठवं वाक्य

डोच्का पहिल्यांदा वर्गात आली तेव्हा मला वाटले, हीसुद्धा इंग्लंडात म्हातारी माणसे सांभाळायला निघाली असणार. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या सगळ्या बायका त्याचसाठी येत होत्या. डॅन्यूबकाठच्या आमच्या गावातला शिवणकामाचा कारखाना बंद पडून दहा वर्षे झाली होती, आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंगळवारी नि शुक्रवारी चालणारा माझा इंग्रजीचा वर्ग ही गावातून बाहेर पडायची एक वाट होती. मी निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षे इंग्रजी शिकवले. या चाळीस वर्षांत खऱ्या इंग्रज माणसाशी दोनदा बोललो. दोघांनाही स्टेशनचा रस्ता हवा होता, आणि त्यातला एक माझे उत्तर नीट ऐकून घेऊन उलट्या दिशेने चालू लागला.

म्हणून मी व्याकरणाला धरून राहिलो. त्यातही एका गोष्टीला फार. इंग्रजीत एका क्रियापदापुढे दुसरे आले की त्याला कधी ‘टू’ लागतो, कधी ‘आयएनजी’. कुठे काय, याला नियम थोडा आणि पाठांतर फार. आमच्या बल्गेरियन भाषेत हे प्रकरणच नाही. करणारा कोण ते सांगितल्याशिवाय आमचे क्रियापद उभे राहत नाही. मी करतो, तिने करावे, त्यांनी केले. इंग्रजीत नुसते ‘करणे’ असे मोकळे ठेवून देता येते. हे मोकळेपण आमच्या लोकांच्या अंगवळणी पडत नाही. त्यासाठी मी दोन रंगांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या. ‘टू’वाल्या क्रियापदांच्या हिरव्या, ‘आयएनजी’वाल्यांच्या पिवळ्या. बायका त्या पत्त्यांसारख्या वाटून घेत.

“सर, एक विचारू?” गेर्गिना म्हणायची. ती आमच्या वर्गातली सगळ्यात वाह्यात बाई, वय पंचावन्न. “तिकडं म्हातारी न्हाणीघरात घसरून पडली, तर आधी तिला उचलायचं की आधी हिरवी का पिवळी ते बघायचं?”

सगळ्या हसत. मीही हसे. पण मनात येई, हिला निदान उचलता तरी येईल.

डोच्का हसत नसे. ती बालवाडीत स्वयंपाकीण होती. जाड मनगटे, पांढरा रुमाल घट्ट बांधलेला, आणि वहीत अक्षर पहिलीतल्या मुलीसारखे गोल. तिसऱ्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली.

“सर, मला बाकीचं काही नको. मला नऊ वाक्यं शिकवा.”

“कुठली नऊ?”

तिने वहीचे शेवटचे पान उघडले. बल्गेरियनमध्ये नऊ वाक्ये लिहिलेली होती. ती वाचून मी खाली बसलो.

तिचा मुलगा तिहोमिर इंग्लंडात भाजी धुऊन बांधायच्या शेडमध्ये कामाला होता. सव्वीस वर्षांचा. मार्चमध्ये तो यंत्राच्या चालत्या पट्ट्यात ओढला गेला. शव आले, दफन झाले, हे गावाला माहीत होते. गावाला माहीत नव्हते ते असे, की तिकडे मृत्यूची चौकशी चालू होती आणि मालकांचे म्हणणे होते, यंत्र बंद करून मगच साफ करायचे हे मुलाला शिकवले होते, बटण दाखवले होते, त्याने कागदावर सही केली होती. डोच्काकडे कागद नव्हता. तिच्याकडे होते ते मुलाचे फोनवरचे बोलणे, मरायच्या आधीच्या रविवारचे.

“म्हणाला, आई, पट्टा चालू असतानाच साफ करायला लावतात. बटण कुठं असतं ते मला कुणी दाखवलंच नाही. मी म्हटलं, विचार की मग. तर म्हणाला, विचारलं की ओरडतात.” तिने वही मिटली. “हे मला सांगायचंय. पडद्यावरून साक्ष घेणार आहेत. ऑक्टोबरात.”

“दुभाषी देतील ते. फुकट असतो.”

“दिला होता की! शव आणायच्या वेळी. मी पाच मिनिटं बोलले, आणि त्यानं दोन शब्दांत संपवलं. मी रडले ते तर सांगितलंच नाही.” ती थांबली. “त्यांच्या कागदात माझ्या पोराच्या नावापुढं ‘निष्काळजी’ लिहिणार आहेत ते. ते लिहू द्यायचं नाही मला. माझ्या तोंडानं सांगणार.”

मी तेव्हाच नाही म्हणायला हवे होते. हे काम माझ्यापेक्षा चांगल्या माणसाचे होते. पण नाही म्हणायलाही धीटपणा लागतो.

चार महिने आम्ही ती नऊ वाक्ये घोटली. सातवे होते, पट्टा चालू असताना साफ करायला त्याला सांगत. आठवे, बटण कुठे आहे ते त्याला कुणी दाखवले नव्हते. नववे, माझा मुलगा सावध होता. प्रत्येक वाक्यात कुठे ना कुठे हिरवी किंवा पिवळी चिठ्ठी होती आणि प्रत्येक चिठ्ठीपाशी ती अडखळे. मी पुनःपुन्हा म्हणवून घेई. मला वाटे, एक जरी ‘टू’ चुकला तरी तिकडचे लोक आपसात बघतील आणि ‘अडाणी बाई’ म्हणून तिचे बोलणे कानाआड करतील. ही भीती तिची नव्हती, माझी होती.

एकदा तिने मालकांच्या निवेदनाची प्रत आणली. त्यात पहिलेच वाक्य असे सुरू होत होते, ‘यंत्र बंद न करता साफ करण्यामुळे.’

“हे कोण?” तिने बोट ठेवून विचारले.

“कोण म्हणजे?”

“बंद न करता कोण? साफ कोण करतंय? कुणाच्या सांगण्यावरून?”

“तसं लिहिलेलं नाही, डोच्का. इंग्रजीत चालतं तसं.”

“चांगलंय की मग,” ती म्हणाली. “माणूस मारायचा आणि करणाऱ्याचं नाव नको.”

साक्षीच्या दिवशी वाचनालयाचा संगणक गेर्गिनाने लावून दिला. दुपारचे बारा वाजले होते, तिकडे दहा. तिने डोच्काचा रुमाल सारखा केला, “घाबरू नको ग, तू त्यांच्यापेक्षा मोठी पातेली घासलीस,” म्हणाली आणि खाली जाऊन बसली. सोबत एक माणूस चालेल, पण त्याने काही सुचवायचे नाही, असे आधी पत्रात आले होते. मी पडद्यात दिसणार नाही अशा बेताने कडेला खुर्ची घेतली.

चौकशी अधिकारी साठीचा, चष्म्याचा, मऊ आवाजाचा माणूस होता. मला तो आवडला. तो हळू बोलत होता, तिच्यासाठी. डोच्काने शपथ घेतली आणि सुरू केले. पहिले वाक्य. दुसरे. तिचा आवाज भाकरीसारखा जाड आणि सपाट येत होता, पण एकही रूप चुकत नव्हते. मी मांडीवर बोटे मोजत होतो. पाच. सहा. सातवे तर इतके नेमके आले, की मला लाज वाटेल असा आनंद झाला. मुलाच्या मरणाच्या वाक्याला मी मनात गुण दिले.

आठव्याला तिने तोंड उघडले आणि आवाज आला नाही. नुसते ओठ हलले. पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हात न लावता तशीच पडद्याकडे बघत होती.

अधिकारी थोडा पुढे झुकला. “घाई नाही,” तो म्हणाला. “मीच विचारतो. यंत्र बंद करायचं बटण कुठे आहे, हे तुमच्या मुलाला माहीत होतं का?”

तिला प्रश्न समजला. तिने हनुवटी वर उचलली आणि खाली आणली. पुन्हा एकदा, जोरात. वर, खाली.

आमच्याकडे ‘नाही’ असेच म्हणतात. लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत, दुकानात, चर्चमध्ये, घरात, हनुवटी वरखाली झाली म्हणजे नाही आणि मान डावीउजवीकडे डोलली म्हणजे हो. जगात इतर ठिकाणी उलटे असते हे मला पुस्तकांतून ठाऊक होते. इतके दिवस मी तिच्या जिभेकडे बघत होतो, मानेचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

अधिकाऱ्याने कागदावर लिहिले. “तुम्ही मान हलवताय, दिसलं मला. धन्यवाद. आता तुम्हाला आणखी त्रास देत नाही.” त्याच्या बोलण्यात खरीखुरी दया होती.

मला कळले. त्याच क्षणी, पूर्ण कळले. खोलीत ते कळणारा मी एकटाच होतो. मी खुर्चीत पुढे सरकलो आणि वाक्य जुळवू लागलो. मध्ये बोलतो त्याबद्दल माफ करा. ‘वुड यू माइंड’ने सुरुवात करावी. माइंडपुढे पिवळी चिठ्ठी, आयएनजी. पण त्याच्या आधी ‘माय’ की ‘मी’? जुन्या व्याकरणात एक, नव्यात दुसरे. अधिकारी वयस्क आहे, त्याला जुनेच बरे वाटेल. की सरळ ‘आय वॉन्ट टू’ म्हणावे? ते फार उद्धट. आणि सुचवायचे नाही असे लिहिले होते, मग हे सुचवणे झाले का?

पडदा काळा झाला.

डोच्काने तोंड पुसले. “नववं राहिलं,” ती म्हणाली. “पण समजलं ना त्यांना? किती चुका झाल्या, सर?”

“एकही नाही,” मी म्हणालो.

गेर्गिना खालून चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन आली. तिने डोच्काला मिठी मारली, मला म्हणाली, “सर, तुम्ही का पांढरे पडलात? साक्ष तिची होती!” मी एक तुकडा खाल्लादेखील.

घरी जाऊन मी त्या कचेरीला पत्र लिहायला बसलो. त्या दिवशी एक लिहिले, दुसऱ्या दिवशी दुसरे. तिसरे मला बरे वाटले, पण एका वाक्यात शंका होती, म्हणून तपासायला ठेवले. मग स्वतःची समजूत घातली. तिकडे आमचे हजारो लोक आहेत, त्या अधिकाऱ्याने आमच्या माना पाहिल्या असतीलच. चित्रफीत पुन्हा बघतील. कुणीतरी सांगेल. कुणीतरी, म्हणजे माझ्याशिवाय कुणीही.

सहा आठवड्यांनी निकालाचे पत्र आले. डोच्का ते न फोडता माझ्याकडे घेऊन आली. वर्ग नव्हता, खोलीत आम्ही दोघेच.

मी वाचत गेलो आणि सांगत गेलो. अपघाती मृत्यू. बटणाची जागा मृताला माहीत होती, हे त्याच्या आईने साक्षीत मान्य केले. यंत्र बंद न करणे ही त्याची स्वतःची चूक.

“आईनं काय केलं?”

मी वाक्य पुन्हा सांगितले.

“मी? मी नाही म्हटलं! तुमच्या देखत म्हटलं. असं.” आणि तिने हनुवटी वर उचलून खाली आणली.

मग मी तिला सांगितले. फार वेळ लागला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या रुमालाच्या गाठीकडे बघत होतो.

“तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“वाक्य जुळवत होतो.”

“नंतर लिहिलं का त्यांना?”

“लिहिलं. पाठवलं नाही.”

“का?”

“तपासत होतो.”

तिने मला शिवी दिली असती तर मी घेतली असती. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. पिशवीतून स्वतःचा फोन काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

“पत्रावर नंबर आहे. लावा.”

“डोच्का, मला फोनवर त्यांचं बोलणं—”

“लावा, सर.”

मी लावला. तिने आवाज दोघांनाही ऐकू येईल असा मोठा केला. एक तरुण मुलगी बोलली. मी नाव सांगितले, तारीख सांगितली, मानेचे सांगितले. ती म्हणाली, “माफ करा, काय म्हणालात?” मी पुन्हा सांगितले. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा मी उभा राहून, कुठलेही रूप न शोधता, तुटक तुटक बोललो. ती बाई नाही म्हणाली. मानेने. आमच्याकडे ते नाही असते. चूक झाली. मुलाला बटण माहीत नव्हते.

मुलगी सौम्यपणे बोलू लागली, आणि बराच वेळ बोलली. मी शेवटी धन्यवाद म्हटले.

“काय म्हणाली?”

“निकाल लागलाय. त्यांच्या हातात आता काही नाही. वरच्या कोर्टातच जावं लागेल, वकिलामार्फत. आपण फोन केला एवढी नोंद ती ठेवेल.”

“एवढंच? इतकं बोलत होती ती.”

मला खोटे बोलता आले असते, पण खरे तेच सांगितले. “म्हणाली, तुमचं इंग्रजी फार छान आहे.”

खाली रस्त्यावरून बालवाडीतली मुले रांगेने चालली होती, त्यांच्या बाईंचा आकडे मोजण्याचा आवाज वर येत होता. डोच्का खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, कोपर टेबलावर टेकून, लांब वाट बघायची असल्यासारखी.

“पुन्हा लावा,” ती म्हणाली. “दुसरं कुणी उचलेल.”

मी नंबर पुन्हा दाबू लागलो.