बूमच्या टोकावरचं ओझं

सकाळपासून माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तब्येत ठीक असल्याच्या कागदावर डॉक्टरीणबाईंची सही मिळाली की मी परत वर जाणार होते, माझ्या केबिनमध्ये. टॉवर क्रेन चालवते मी. चालवत होते, असं म्हणा. गेल्या वर्षी भर दुपारी वरच साखर उतरली, हात लटलटायला लागले आणि सळयांचा गठ्ठा हवेत तसाच लटकत राहिला. खाली इशारे द्यायला माझा सख्खा दीर होता. त्यानं वॉकी-टॉकीवर गोड बोलून बोलून तो गठ्ठा माझ्याकडून उतरवून घेतला, मग शिडी चढून मला खाली आणलं. तेव्हापासून कंपनीनं मला स्टोअरमध्ये बसवलं. इन्सुलिन घेणाऱ्यानं वर जायचं नाही, नियम म्हणजे नियम. बोल्ट मोजून मोजून मला वेड लागायची पाळी आली.

मग इन्सुलिन सुटावं म्हणून मी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. जठर कापून लहान करतात, मग वाटीभर अन्न गेलं तरी पुष्कळ. नवरा घाबरला होता, पण माझ्यापुढे कोणाचं काय चालतंय! आणि काय सांगू, आठवडाभरात इन्सुलिन निम्म्यावर आलं, पुढे बंदच झालं. सुरुवातीला तर वजन जेमतेम हललं होतं. मग तेही धडाधड उतरलं आणि एका जागी जे अडलं ते अडलंच. दोन महिने काटा ढिम्म हलेना.

आता मी जन्मभर वजनंच उचलली. भार जास्त झाला की क्रेनचा भोंगा वाजतो आणि काम बंद, एवढंच माझ्या डोक्यात. हे अडलेलं वजन घेऊन गेलं तर सही मिळायची नाही, असं मी ठरवूनच टाकलं. सही झाली नाही तर सोमवारी नवा ऑपरेटर कायमचा येणार होता. जीव नुसता टांगणीला. मग काय, आदल्या दिवसापासून मी पाण्याचा थेंब घेतला नाही. घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही.

दवाखान्याच्या जिन्यातच सोबत आलेल्या दिरानं विचारलं, वहिनी, चेहरा असा का उतरलाय. मी त्याला गप्प बसवलं. काट्यावर चढले आणि बघते तर चक्क किलोभर कमी! मी हरखून गेले, आणि तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. बाईंनी दंड धरला म्हणून पडले नाही.

रक्तदाब खाली गेला होता. पाणी कधी प्यायलात, बाईंनी विचारलं. थापा मारायचं त्राण नव्हतं, खरं ते सांगून टाकलं. दारात उभ्या दिरानं कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. एवढ्याशा पोटाच्या माणसानं पाणी तोडणं म्हणजे स्वतःच्या पायांनी येऊन दवाखान्यात भरती होणं, म्हणाल्या. अशा अवस्थेत सही करणार नाही. वर्षभराची मेहनत मी एका दिवसात मातीत घातली होती.

"आणि हे कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"वजनासाठी."

"मला तेवढ्या एका किलोशी काही देणंघेणं नव्हतं."

त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. ऑपरेशनआधीचं स्कॅन आणि आत्ताचं, शेजारी शेजारी. मांड्यांवर, दंडांवर चरबी आहेच की अजून, मी म्हटलं. कातडीखालची ती, फारसा त्रास देत नाही, त्या म्हणाल्या. खरा घोळ घालत होती ती यकृतात साचलेली आणि आतड्यांभोवतीची. तीच बरीचशी गेलीय. तीन महिन्यांची सरासरी साखर इन्सुलिनशिवाय ठीक आलीय. चरबी किती आहे, तितकंच ती कुठे आहे हे बघावं लागतं.

मी ताठ बसले.

"अहो, म्हणजे पल्ला!"

बाईंना काही कळेना. मी हातवारे करकरून सांगितलं. तोच गठ्ठा खांबाजवळ असला तर क्रेन हसत उचलते, आणि बूमच्या, म्हणजे तिच्या लांब आडव्या हाताच्या, टोकाला नेला तर अख्खी क्रेन कलंडेल. भार तोच, फरक सगळा जागेचा. हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. आणि स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मात्र गाढवासारखी काट्याकडे बघत बसले! बाई खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, आज घोट घोट पाणी प्या, नीट खा, उद्या सकाळी परत तपासते.

बाहेर बाकावर दीर बाटली घेऊन बसला. एक घोट झाला की काढून घ्यायचा, थोड्या वेळानं पुन्हा द्यायचा. मला रडूही येत होतं आणि हसूही. दुसऱ्या दिवशी रक्तदाब बसून घेतला, उभ्यानं घेतला, दोन्ही ठीक. गोळ्या आणि तपासण्या जन्मभर चुकवायच्या नाहीत असा दम भरून बाईंनी सही ठोकली. मी तो कागद घेऊन जिना अक्षरशः पळत उतरले.

सोमवारी शिडी चढले. केबिनमध्ये माझ्या खुर्चीवर धूळ होती, ती बाहीनं पुसली. हात समोर धरून बघितले. थरथर नाही. खाली दीर, त्याच्या पायाशी तसलाच सळयांचा गठ्ठा.

वॉकी-टॉकी खरखरला. "वहिनी, तयार? वजन सांगू का?"

"वजन सांगा हो, पण नंतर. आधी सांगा, न्यायचा किती लांब?"

खालून त्याचं हसणं ऐकू आलं, आणि मी हूक खाली सोडला.