दौलतचं शून्य

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. बसून ऐकणार असाल तर खुशाल बसा, पण माझ्यावर सोडून दुसरीकडे कुठेही. माझ्यावर बसणाऱ्यांनीच माझी ही दशा केली, ते पुढे येईलच. आता मी फार थकले आहे. कुलूप गंजलं, बिजागऱ्या कुरकुरतात, आणि गेली दोन वर्षं मी पोटात एक गोष्ट वागवत होते. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

साठाहून जास्त वर्षांपूर्वी परळच्या एका कापडगिरणीच्या सुतारखात्यात माझा जन्म झाला. गिरणीत कॅन्टीन कमिटीची निवडणूक होती आणि दोन्ही गटांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून सागवानी फळ्यांची, भक्कम कुलपाची आणि वर बोटभर फट असलेली अशी मी तयार झाले. बाराशे माणसांनी रांगेत उभं राहून माझ्यात मतं टाकली. मोजणीत एका मताचाही फरक पडला नाही. हरलेला पुढारीसुद्धा म्हणाला, "पेटी चोख आहे." तरुणपणी कानावर पडलेलं कौतुक तुम्ही विसरत नाही ना? आम्ही पेट्याही विसरत नाही.

पुढे गिरणी बंद पडली. एका कामगाराच्या खांद्यावरून मी जवळच्या चाळीत आले आणि तिथल्या क्रीडा मंडळाच्या खोलीत पडून राहिले. काही वर्षं मला सूचनापेटी केलं होतं. सूचना कोणी करत नसे, गोळ्यांचे कागद मात्र भरपूर पडत.

मग चौदा-पंधरा वर्षांपूर्वी दिल्लीजवळ मोटारींची मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत झाली आणि चाळीला तिचं वेड लागलं. ज्यांच्या घरी साधी सायकल नव्हती, तेही टायर कधी बदलावेत यावर तावातावाने भांडू लागले. ते बघून दुसऱ्या मजल्यावरच्या हेमचंद्रने अंदाजांचा खेळ सुरू केला. हेमचंद्र टपाल खात्यात कारकून होता. तो आणि मी साधारण एका वयाचे, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. त्याने मला पुसलं, बिजागऱ्यांना तेल घातलं आणि मी पुन्हा कामाला लागले.

खेळ अगदी सोपा होता. शर्यतीत पहिली, दुसरी आणि तिसरी गाडी कोणती येणार, ते कागदावर लिहायचं आणि शनिवारी पात्रता फेरी सुरू होण्याआधी चिठ्ठी माझ्यात टाकायची. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर शर्यत संपली की सगळ्यांसमोर कुलूप उघडायचं. बरोबर आलेल्या प्रत्येक जागेला पाच गुण. कोणाची कामाची पाळी असे, कोणी गावी गेलेलं असे, म्हणून एक नियम होता. ज्याची चिठ्ठी पेटीत नाही, त्याची मागच्या शर्यतीची चिठ्ठी धरायची. पैशाचा संबंध नव्हता. वर्षाच्या शेवटी एक कप मिळायचा, बस्स.

हेमचंद्र स्वतः कधी खेळला नाही. पंचाने खेळू नये, असं तो म्हणे. दर शर्यतीला चिठ्ठ्या वाचायच्या, गुण वहीत उतरवायचे, तक्ता करून भिंतीवर लावायचा, आणि वर "काका, माझे पाच कमी का?" हे ऐकून घ्यायचं. मोठी माणसं शाळकरी पोरांसारखी तक्रारी घेऊन येत. नोकरीतून निवृत्त झाला, पण यातून त्याला निवृत्ती नव्हती. पहिल्या मजल्यावरचा स्वप्नील एकदा म्हणाला, "काका, ग्रुपवरच पाठवतो ना अंदाज, पेटी कशाला?" तेव्हा हेमचंद्र म्हणाला, "फोनवर पाठवलेलं पुसता येतं. पेटीत टाकलेलं पुसता येत नाही." मला तेव्हा किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

पण अभिमानाने सांधे घट्ट राहत नाहीत. खोलीत खुर्च्या कमी होत्या. शर्यत रंगात आली की कोणीतरी मला पुढे ओढी आणि माझ्यावर बसे. स्वप्नील तर बसल्या बसल्या उड्या मारी. एके दिवशी माझा तळ एका बाजूने सुटला. सुताराला बोलावण्याऐवजी हेमचंद्रने खालून प्लायचा एक पातळ तुकडा ठोकला. बाहेरून मी धडधाकट दिसू लागले. आत मात्र माझी भिंत आणि जुना तळ यांच्यामध्ये फट राहिली. ती कोणी पाहिलीच नाही.

दोन वर्षांपूर्वी, मोसमातल्या शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी, दौलतने चिठ्ठी टाकली. दौलत म्हणजे चाळीस वर्षांपासूनचा हेमचंद्रचा शेजारी, दोन दारं सोडून राहणारा. माझगावला एका गॅरेजात त्याची सारी नोकरी झाली होती. त्याने चिठ्ठीची घडी बारीक घातली होती. ती माझ्या तळाच्या फटीतून घसरली आणि जुना तळ नि प्लाय यांच्यामध्ये जाऊन अडकली.

रविवारी शर्यत संपली. हेमचंद्रने कुलूप उघडून चिठ्ठ्या मोजल्या. खेळाडू सोळा आणि चिठ्ठ्या पंधरा.

"दौलत, तुझी नाही."

"नाय कशी? काल मी माझ्या हाताने टाकली."

हेमचंद्रने मला उलटं करून हलवलं. काही पडलं नाही.

"मग मागची धरू," तो म्हणाला. "त्यातल्या दोन जागा बरोबर. दहा गुण. आणि स्वप्नीलला आज काहीच नाही..." त्याने वहीत पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे दौलत, स्वप्नीलला मागे टाकलंस तू! कप तुझा!"

टाळ्या पडल्या. दौलत जागचा हलला नाही.

"मला नको," तो म्हणाला. "मी काल पांढरी गाडी पहिली लिहिली होती. वर्षभर मागेच राहिली, शेवटच्या शर्यतीत तरी बिचारीला मान द्यावा म्हटलं. ती दुसऱ्याच फेरीत बंद पडली. बाकीच्या दोन पण चुकल्या. मला शून्य आहे. कप स्वप्नीलचा."

"अरे पण नियम आहे."

"नियम चिठ्ठी न टाकणाऱ्याला. मी टाकलीय. माझं शून्य मला दे."

सगळे हसले. स्वप्नील म्हणाला, "घ्या ना काका, मी कुठे भांडतोय?"

पण हेमचंद्र हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. "म्हणजे माझ्या पेटीतून चिठ्ठी गायब झाली? चावी माझ्याकडे असते, दौलत. तू मला काय म्हणतोयस, कळतंय ना?"

"मी तुला काय पण म्हणत नाय. टाकली ती टाकली."

"पेटीत नाही म्हणजे टाकली नाहीस. पेटी खोटं बोलत नाही. वय झालंय आता, विसरला असशील."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर मी किंचाळले असते. अरे, आहे चिठ्ठी, माझ्या तळाशी आहे! पण मी तशीच गप्प उभी राहिले आणि एक खरा माणूस सगळ्यांसमोर खोटा ठरला. माझ्या सचोटीच्या नावावर ठरला, याची मला जास्त लाज वाटते. दौलतने चपला घातल्या आणि तो निघून गेला. कपावर कोणाचंच नाव पडलं नाही. तो कपाटात गेला.

त्यानंतर दोन वर्षं ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. एकच गॅलरी, एकच जिना, तरी नजर चुकवून जायचे. दौलतची सून रुपाली खेळत राहिली. तिची चिठ्ठी पडली की हेमचंद्र दरवाज्याकडे पाही, तिच्या मागून कोणी येतंय का म्हणून. कोणी येत नसे. एकदा खोलीत दुसरं कोणी नसताना तो माझ्यावरून फडकं फिरवत म्हणाला, "तू बरोबरच आहेस ना गं?" त्या प्रश्नाने मी जेवढी थकले, तेवढी बाराशे मतांनी थकले नव्हते.

यंदा स्वप्नीलने खेळ मोबाइलवर नेला. हेमचंद्रने विरोध केला नाही, तोही दमला होता. मला मंडळाची दानपेटी करायचं ठरलं आणि तळ पक्का करायला धोंडू सुताराला बोलावलं. दुपारची वेळ होती. धोंडूने पटाशी घालून प्लाय उचकटला आणि म्हणाला, "काका, ह्यात कोनाची तरी चिठ्ठी हाय."

हेमचंद्रने ती उलगडली. पांढरी पहिली. खाली दौलतची सही आणि शनिवारची तारीख. तो उठला, प्लाय निघालेल्या मला काखेत मारलं आणि गॅलरीतून थेट दौलतच्या दारात गेला. दार रुपालीने उघडलं. दौलत मिक्सरचं भांडं दुरुस्त करत बसला होता.

"दौलत," हेमचंद्र म्हणाला, "तुझं शून्य आणलंय."

दौलतने चष्मा लावून चिठ्ठी वाचली. मग मला मांडीवर घेऊन तळाच्या फटीत बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"माझं चुकलं," हेमचंद्र म्हणाला. "सगळ्यांसमोर तुला खोटं पाडलं मी."

"पेटीला हलवून हलवून विचारलंस," दौलत म्हणाला. "माझ्याकडे एकदा बघायचं होतंस. खोटं बोलून कोण शून्य मागतं काय रे?"

हेमचंद्रने विचारलं, "या वर्षी शर्यत बघायला येशील?"

"येऊन काय करू? दोन वर्षांत एक शर्यत बघितली नाय मी. टीव्ही लागला की उठून गॅलरीत जायचो. कोण जिंकलं, कोण कुठल्या गाडीत गेलं, मला काय पण माहीत नाय."

हे ऐकून हेमचंद्र खाली बसला. त्याने भांडणानंतरच्या मोसमातली पहिली शर्यत सांगायला घेतली. वही नाही, तक्ता नाही, सगळं तोंडपाठ. कुठे पाऊस आला, कोणाचं चाक निखळलं, सगळं सांगून शेवटी थांबला आणि म्हणाला, "बोल, पहिली कोण आली असेल?" दौलतने हनुवटी खाजवली, विचार केला आणि एक नाव घेतलं. ते चुकलं. मग दुसरी शर्यत सुरू झाली. त्या दुपारी सात शर्यती झाल्या. दुसऱ्या दिवशी हेमचंद्र पुन्हा गेला. आता तो रोज जातो. कोणी लिहून घेत नाही, कोणी गुण मांडत नाही, आणि दोघांच्या मध्ये मी नसते. मी कोपऱ्यात असते, कारण दौलतने मला दुरुस्तीसाठी ठेवून घेतलं आहे.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा. पेटीचं स्टूल करू नका आणि सुटलेल्या सांध्यावर प्लाय ठोकून मोकळे होऊ नका. आमच्यावर विश्वास ठेवता, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. पण पेटी रिकामी निघाली तर आधी पेटीचा तळ तपासा, माणसावर मग या. दौलत माझे सांधे नीट बसवेल, त्याचा हात चांगला आहे. त्या दोघांची दोन वर्षं मात्र मी गिळली, आणि ती कितीही उलटी करून हलवलंत तरी माझ्यातून आता पडायची नाहीत.