हिरव्या दोऱ्याची कुपनं

चलनाच्या मुळाशी सोनं नसतं, सरकारही नसतं. असतो तो माणसाचा माणसावरचा विश्वास. हे वाक्य मी एकवीस वर्षं एम.ए.च्या वर्गाला सांगत आलो आहे, आणि एकवीस वर्षं पगार जमा झाला की त्याच दिवशी बँकेतून सगळा काढून घरी आणतो आहे.

२००९ सालच्या दिवाळीनंतर शशिधर प्रकल्पाचा विषय घेऊन माझ्याकडे आला. नेसरीचा मुलगा. पहिल्या बाकावर बसून प्रश्न विचारायचा, त्यामुळे त्याच्यापासून जरा सावध राहावं लागे. बाकीच्या अकरा जणांनी दूध संस्था घेतल्या होत्या. यानं नेट कॅफेतून नऊ पानं छापून आणली होती.

"सर, बिटकॉइन. नवं चलन आहे. याच जानेवारीत सुरू झालंय."

"छापतं कोण?"

"कुणीच नाही. कॉम्प्युटरवरच असतं."

"मागं सोनं? रिझर्व्ह बँक?"

"नाही सर. घेणारे घेतात, म्हणून चालतं."

"आणि काढलं कुणी?"

"ते कुणालाच माहीत नाही."

मी पानं उलटीपालटी केली. आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक अहवालानंतर इतकं निराधार काही मी प्रथमच पाहत होतो. पण विषय वाईट नव्हता. अडचण होती ती आराखड्याच्या फॉर्मची. त्यात चौथा रकाना अभ्यासक्षेत्राचा, आणि तिथं तालुक्याचं नाव लिहावं लागतं.

"तालुका कुठला लिहिणार?"

"सर, हे सगळ्या जगात आहे."

"जग रकान्यात बसत नाही. करवीर लिही. आणि करवीर तालुक्यात असलं एखादं चलन शोध."

त्याला सुचेना. मला सुचलं. हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढं ते कुठं नोंदलं गेलं नाही.

राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत शांतव्वाची खानावळ होती. शांतव्वा कुरुंदवाडची, नवऱ्यामागं एकटीनं चालवायची. पोरं तिला अक्का म्हणायची, ती पोरांना तम्मा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी दुपारी तिथंच जेवत असे. पैसे ताटाला द्यायचे नाहीत, कुपन द्यायचं: गुलाबी पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर 'एक जेवण', आणि आडवी मारलेली हिरव्या दोऱ्याची शिलाई. शिलाई ती स्वतःच्या मशीनवर मारायची. मशीन जुनं होतं, दर चौथा टाका सोडायचं. त्या खोडीची नक्कल कुणाला करता येत नव्हती.

हे कुपन खानावळीबाहेरही चालायचं. सुट्ट्या पैशांची टंचाई कोल्हापूरला कायमचीच. झेरॉक्सवाला कृष्णात एका कुपनाला पंचवीस पानं काढून द्यायचा. न्हावी घ्यायचा. पोरं पत्त्यांत लावायची.

जूनमध्ये शांतव्वा वर्षभराची कुपनं सवलतीत विकायची आणि त्यातून भाडं, गॅस, ज्वारी भागवायची. जेवणं आधी विकलेली, भाकऱ्या रोजच्या रोज. सगळे एकाच दिवशी जेवायला आले नाहीत तोवर चालणार होतं, आणि सगळे एकाच दिवशी कशाला येतील?

शशिधर हरखला. विषय ठरला: 'छापखान्याविना चलन: बिटकॉइनची संकल्पना व एका खानावळीचा अभ्यास'. आता राहिली प्रश्नावली. त्यानं सहा प्रश्न काढले होते. विभागाचा दंडक दहाचा. तीन प्रश्न वय, लिंग, तालुका असे सहज झाले. एक कमी पडत होता. तो मी घातला आणि सातव्या जागी बसवला.

"उद्या खानावळ बंद पडली, तर आपल्याजवळील कुपनांचे काय होईल असे आपणास वाटते? अ) पैसे परत मिळतील. ब) काहीही मिळणार नाही. क) सांगता येत नाही."

शशिधरनं कागद माझ्याकडे परत सरकवला. "सर, हा नको. अक्का मला रोज दही बाजूला काढून ठेवतात."

"संशोधकाला दही नसतं," मी म्हणालो. वाक्य जमलं होतं. मी ते नंतर वर्गातही वापरलं.

सोमवारी सकाळी तो पन्नास प्रती काढायला कृष्णातकडे गेला, सोबत मीही. प्रश्नावली दोन पानांची, म्हणजे शंभर पानं, चार कुपनं. कृष्णातनं ती न बघता गल्ल्यात टाकली. मशीन चालू झालं. प्रती बाहेर पडत होत्या आणि त्याला दुसरं काम नव्हतं, म्हणून तो वाचायला लागला. पाचवा झाला, सहावा झाला. मग त्यानं मशीन थांबवलं, गल्ल्यातनं चारही कुपनं काढली आणि शशिधरच्या हातावर ठेवली.

"रोख द्या की."

"का रे, कालपर्यंत घेत होतास?"

"काल मला कुणी इचारलं न्हवतं, सर. अक्का जाणार हाय व्हय?"

"अरे, नुसता प्रश्न आहे तो!"

"कॉलेजची माणसं उगीच इचारतील व्हय? तुम्हांस्नी आतलं काय तर कळलं असंल."

शशिधरनं रोख दिले. मी म्हणालो, हे निरीक्षण लिहून ठेव. संध्याकाळपर्यंत पन्नासही प्रती वाटून झाल्या.

मंगळवारी अकरा वाजता गल्लीच्या तोंडापर्यंत रांग होती. कृष्णात पुढंच, बायको, दोन पोरं, म्हातारा आणि हातकणंगल्याहून बोलावलेला मेव्हणा घेऊन. काही जणांनी पैसे मागितले. शांतव्वा परातीवरून उठली नाही.

"कुपनावर जेवण लिवलंय, पैसा न्हाय. बसा, वाढते."

म्हणून सगळे जेवायला बसले. दुसऱ्या कुठल्या चलनाला हे भोगावं लागत नसावं. लोक बँकेसमोर रांग लावतात तेव्हा निदान त्यांना भूक लागावी लागत नाही. इथं माणसं एक ताट संपवून घाम पुसत दुसरं कुपन काढत होती. न्हावी डबे घेऊन आला होता. कृष्णातचा म्हातारा म्हणत होता, "बास झालं रं, पोट फुटंल." आणि कृष्णात त्याला दटावत होता, "खावा आबा, अजून नऊ ऱ्हायल्यात!"

शशिधर स्टुलावर उभा राहून ओरडत होता, "खानावळ बंद होणार नाही! हा फक्त अभ्यास आहे!"

"पळणारा सांगून पळतोय व्हय रं?" रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि रांग आणखी पुढं सरकली.

मी निरीक्षणासाठी गेलो होतो. माझ्याकडे एकोणीस कुपनं होती. त्यातली दोन निरीक्षणातच खर्ची पडली. वाढताना शांतव्वा माझ्यापाशी थांबली.

"सर, तुम्ही रोज दीडला येता."

"आज जरा लवकर भूक लागली."

तिनं भाकरी वाढली आणि पुढं गेली. भाकरी गरम होती. मी ती सावकाश खाल्ली; पंगतीतून मध्येच उठणं बरं दिसलं नसतं.

दीड वाजता पीठ संपलं. शांतव्वा म्हणाली, संध्याकाळी या. रांगेला एवढंच ऐकायचं होतं. बुधवारी दुप्पट माणसं आली. धान्यवाल्यानं उधारी बंद केली. शशिधरनं नेसरीला जाऊन घरचं ज्वारीचं पोतं एसटीवर टाकून आणलं. ते गुरुवारी दुपारपर्यंत पुरलं. घरमालकानं जागा सोडायला सांगितली; त्यालाही एक प्रश्नावली मिळालेली होती. नमुना निवडीत विविधता असावी, असं मीच सांगितलं होतं.

शनिवारी खानावळीला कुलूप होतं. मशीन आणि परात टेम्पोत घालून शांतव्वा भावाकडे कुरुंदवाडला गेली. सामान चढवायला शशिधर होता.

सोमवारी तो माझ्या खोलीत आला. बसला नाही.

"सर, अक्कांनी विचारलं, तो कागद कुणी काढला."

"मग?"

"मी म्हणालो, मी."

खिडकीबाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. मी खिडकी लावून घेतली.

"काय म्हणाली?"

"काही नाही. म्हणाल्या, तम्मा, जेवलास का?" तो दाराकडं बघत बोलत होता. "सर, आराखडा अजून मंजूर झालेला नाही. सातवा प्रश्न काढू का?"

"आता नको," मी म्हणालो. "निष्कर्षाला उपयोगी पडेल."

त्यानं मान हलवली. फॉर्म माझ्या टेबलावर राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं नवा आणून दिला: करवीर तालुक्यातील दूध संस्था. मी सही केली.

प्रकल्पाला पन्नास गुण होते. त्याला एकतीस मिळाले. सगळ्यांनाच एकतीस द्यायचे, असं विभागाच्या बैठकीत जुलैमध्येच ठरलेलं होतं.