बुरशी लागलेली रोपं

"हेही गेलं," काकू म्हणाल्या आणि पिशवीतून सोडवलेलं पाइनचं रोप त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे धरलं. शेंडा हिरवा होता, खोड सरळ होतं, पण मुळांवर पांढऱ्या धाग्यांची जाळी चढली होती. शिळ्या पावावर चढते तशी. "बुरशी. कुंपणालगतच्या रांगेला दरवर्षी ही पीडा लागते म्हणजे लागतेच."

रोप टाकाऊच्या टोपलीत जाऊन पडलं. काकूंनी नळाखाली हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले आणि पुढची पिशवी घेतली.

"अगं वहिनी, त्याच्या तोंडाकडे बघ तरी. किती टवटवीत आहे!" उपड्या बादलीवर बसलेल्या वन्सं म्हणाल्या.

"तोंड बघून काय करू? मुळं बघायची असतात. आणि त्या बादलीचं बूड ओलं आहे वन्सं, उठा."

वन्सं उठल्या नाहीत. बूड आधीच भिजलं होतं, आता उठून काय फायदा, असा त्यांचा साधा हिशेब होता.

वन्सं म्हणजे काकूंच्या नवऱ्याची धाकटी बहीण. टेलिफोन ऑफिसात आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचं बोलणं बोलायला त्यांना काकूच काय त्या उरल्या. भाऊ गेल्यावर दोन खोल्यांत या दोघीच राहिल्या. एक पुसायची, दुसरी सांडायची. रोज दुपारी वन्सं डबा घेऊन रोपवाटिकेत येत आणि डबा रिकामा झाला तरी तासभर हलत नसत.

रोपवाटिकेत मात्र काकूंचं राज्य होतं. माती ड्रममध्ये वाफवून घ्यायची, वर औषध फवारायचं, युरियाचं पाणी मग्ग्याने मोजून द्यायचं आणि रोपं बाहेर पाठवायच्या आधी मुळं खळाळत्या पाण्यात धुवायची, ही सगळी त्यांचीच शिस्त. बाहेरचा माणूस आत शिरताना आपोआप बूट पुसायचा. काकूंची रोपं दिसायचीही अशी, की बघणाऱ्याने बघत राहावं.

दुःख एवढंच होतं की ती रोपंच राहायची. ही रोपवाटिका मुळी काढली होती ती गावाबाहेरच्या ढिगाऱ्यासाठी. जुन्या खाणीतून उपसलेल्या दगडमातीचा तो डोंगर. त्याच्यावर गवताची काडी उगवत नसे, म्हणून लोक त्याला टकल्या म्हणत. काकूंची रोपं दोनदा त्याच्यावर लागली आणि दोन्ही वेळा सुयांसारखी ती पानं आधी फिकी, मग पिवळी पडून रोपं वाळून गेली. सगळा जन्म रोपं वाढवण्यात गेला आणि 'हे माझं झाड' म्हणून बोट दाखवायला एक झाड नाही, हे काकूंच्या मनाला फार लागायचं. बोलून मात्र त्या कुणाला दाखवत नसत.

"यंदाची लागवड शेवटची बरं का काकू," रोपवाटिकेच्या साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं. साहेब तसे भले, पण वरून आलेलं वाक्य ते वरच्यांच्याच आवाजात म्हणत. "यंदाही पिवळं झालं, तर टकल्या सपाट करून तिथे गोदामं बांधायचं चाललंय. मग रोपवाटिकाही कशाला हवी?"

त्यामुळे काकूंनी यंदा डोळ्यांत तेल घालून एकेक मूळ तपासलं. बुरशीचा एक धागाही डोंगरावर जाऊ द्यायचा नाही, असा त्यांचा पणच होता. टाकाऊची टोपली काठोकाठ भरली. घरी निघताना वन्संनी ती सहज उचलल्यासारखी उचलली.

"ती कुठे नेताय?"

"कचऱ्यातच टाकायची ना? जाता जाता टाकते की. तुझे गुडघे कुठे चालतात?"

काकूंना नवल वाटलं. वन्सं आपणहून कचरा टाकतायत!

लागवड झाली. पहिले काही महिने रोपं रोपवाटिकेतून आणलेल्या शिदोरीवर तगली. वर्ष फिरलं आणि खालची पानं फिकी पडायला लागली.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या युरियाच्या पाण्याचा डबा घेऊन स्वतः टकल्या चढू लागल्या. पाणी घातलं की रोपं हिरवी व्हायची, काकूंचा जीव भांड्यात पडायचा, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच पिवळं तोंड. घरी आल्यावर त्या कुणावर तरी चिडायच्या, आणि घरात चिडण्याजोगं एकच माणूस होतं.

"टॉवेल असा ओला टाकतात का हो खुर्चीवर?"

"खुर्चीला कुठे सर्दी होतेय?" वन्सं म्हणत. एरवी यावर घर दणाणलं असतं. काकू गप्प बसल्या, आणि तेव्हा वन्सं घाबरल्या.

शेवटी साहेबांनी माती तपासायच्या प्रयोगशाळेतून एका मुलीला बोलावलं. रोपवाटिकेतले सगळे तिला मातीवाली म्हणत, आणि तिलाही ते आवडत असावं. ती आली तीच गुडघ्यापर्यंत चिखलात. काकूंनी तिला आधी हात धुवायला नळ दाखवला. ती म्हणाली, "परत घाणच होणार आहेत काकू," आणि वन्संना ती तिथल्या तिथे आवडली.

तिघी टकल्यावर चढल्या. मातीवालीने इथली तिथली माती उकरली, एक पिवळं रोप हलक्या हाताने काढून त्याची मुळं बघितली. मुळं स्वच्छ होती. काकूंना त्याही स्थितीत थोडा अभिमान वाटला.

"फारच स्वच्छ आहेत," मातीवाली म्हणाली. पण तिच्या कपाळावर आठी होती. "पलीकडच्या उतारावरची माती बघू या का? तिकडे कधी गेलाय?"

"तिकडे काय आहे? नुसता दगड," काकू म्हणाल्या.

"ऊन फार आहे," वन्सं घाईने म्हणाल्या. "नंतर जाऊ. मला तर चक्कर येतेय."

चक्कर येणाऱ्या बाईने मग एवढ्या तरातरा पुढे होऊन वाट अडवायला नको होती. काकूंना संशय आला. त्या वन्संना ओलांडून पलीकडे गेल्या आणि थबकल्या.

पलीकडच्या उताराच्या पायथ्याशी, बस वळते त्या कोपऱ्यावर, हिरवंगार रान होतं. रान म्हणजे काय, एका खोलीत मावेल एवढं. काही पाइन कमरेएवढे, काही त्याहून उंच. पायाशी कुजका पाला, रस्त्याची झाडलोट, काय काय पसरलेलं.

"हे कुणी लावलं?" काकूंचा आवाज चिरकला.

वन्संनी पायाने एक दगड बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तू टाकलेलीच आहेत. मागच्या लागवडीची ही मोठी, ती तुझ्या नकळत कचऱ्यातून उचललेली, आणि ती बारकी या खेपेची. जिवंत होती गं वहिनी. जिवंत वस्तू कचऱ्यात कशी टाकायची? माझ्याच्याने टाकवेना. बसमधून उतरायचे, चार चार खुपसायचे. झाडूवाल्याला सांगितलं, पाला यांच्याच पायाशी टाकत जा म्हणून."

"बुरशी लागलेली रोपं? बुरशी लागलेली रोपं माझ्या डोंगरावर लावलीत तुम्ही? अहो, सगळी साथ पसरली असेल! म्हणूनच माझी..."

"काकू, एक मिनिट," मातीवाली म्हणाली. ती केव्हाच गुडघ्यांवर बसली होती. तिने एका लहान पाइनच्या पायाशी बोटांनी पाला बाजूला केला, माती सैल केली आणि एक बारीक मूळ वर उचललं. त्याच्या टोकांवर पांढरट मोजे चढवल्यासारखं काही होतं, आणि त्या मोज्यांतून पांढरे धागे निघून पाल्यात लांबवर पसरले होते.

"हीच ना तुमची बुरशी?"

"हीच ती सटवी."

"काकू, पानं पिवळी पडतात ती नायट्रोजन मिळत नाही म्हणून. युरियातून तो आयता मिळतो, म्हणून चार दिवस हिरवी होतात. पण जंगलात युरिया कोण घालतं?"

"कोण घालणार!"

"तिथे बहुतेक नायट्रोजन अडकलेला असतो कुजलेल्या पाल्यात, मेलेल्या किड्यामुंग्यांत, वाळक्या मुळांत. पाइनच्या मुळाला तो एकट्याने फारसा सोडवता येत नाही. ही बुरशी पाल्यात शिरते, तो फोडते, नायट्रोजन काढून घेते आणि मुळाला आणून देते. त्याच्या बदल्यात झाड तिला पानांत केलेली साखर देतं. रोपं मारणाऱ्या बुरशाही असतात, नाही असं नाही. पण ही ती नव्हे. हिच्याशिवाय पाइनचं पोट भरत नाही."

"म्हणजे आमच्या घरासारखंच की," वन्संना कंठ फुटला. "बाजार मी आणायचा, शिजवायचं हिने."

काकू हसल्या नाहीत. त्या उतारावर, धुळीत, काहीही न अंथरता खाली बसल्या. वन्संनी हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एवढी वर्षं," काकू म्हणाल्या, "मी त्यांच्या तोंडातला घास धुऊन काढत होते. आणि वर म्हणत होते, पोरं खात का नाहीत."

त्यांना रडू आलं. त्यांनी ते आवरलंही नाही. मातीवालीने उकरलेल्या मुळावर माती परत लोटून हाताने दाबली.

"वरची रोपं अजून मेलेली नाहीत काकू," ती म्हणाली. "सगळी नाही वाचणार, ते मी आधीच सांगते. पण मुळांशी ही माती पोचवली आणि वर पाला घातला, तर बरीच उठतील."

दुसऱ्याच दिवशी काकू साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "खत बंद करतेय," त्यांनी सांगितलं. साहेबांचं धाबं दणाणलं.

"काकू, वरच्या साहेबांची पाहणी तोंडावर आलीय! निदान तेवढ्यापुरती तरी हिरवी दिसू देत."

"चार दिवसांचं हिरवं मला नको साहेब. तुम्ही वर बोला. एक वर्ष मागून घ्या. माझ्यासाठी आजवर काही मागितलं नाही तुम्हाला."

हे खरं होतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, आणि वर काय बोलले कोण जाणे, पण या वेळी स्वतःच्या आवाजात बोलले असावेत. वर्ष मिळालं.

मग काकूंनी जिवाचं रान केलं. ही बुरशी जिथून आली त्या, रोपवाटिकेच्या कुंपणापलीकडच्या जुन्या पाइनच्या जंगलातून, एका जागी फार न उकरता, थोडी इथली थोडी तिथली अशी काळी, भुसभुशीत माती भरायची. टकल्यावर न्यायची. रोपाच्या कडेने बोटभर भोक पाडायचं, माती आत सोडायची, वर पाल्याचं जाड आच्छादन घालायचं आणि पुढच्या रोपाकडे सरकायचं. रोपवाटिकेतल्या बायका होत्या, सुट्टीच्या दिवशी मातीवाली यायची, आणि वन्सं तर हात धुऊन मागे लागल्या होत्या. काकूंची निवृत्ती मध्येच केव्हातरी होऊन गेली. त्यांनी निरोपाचा हार घेतला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला टकल्यावर हजर झाल्या.

घरी परतताना दोघींच्या नखांत सारखीच माती असायची. घरात सांडलेला पाला दोन दोन दिवस तसाच राहू लागला. एकदा वन्संनीच वैतागून केर काढला आणि मग आपण हे काय केलं म्हणून स्वतःच हसत बसल्या.

फार काळ काहीच घडलं नाही. काही रोपं वाळलीच. काकू सकाळी वर जाऊन एकेका शेंड्यापाशी थांबायच्या आणि पुन्हा उतरायच्या. मग एका सकाळी वन्सं खालूनच ओरडल्या, "वहिनी, लवकर ये गं!" काकू पडत झडत पोचल्या. एका रोपाच्या शेंड्याशी नवी पालवी फुटली होती. मेणबत्तीएवढी, आणि अशी हिरवी, की युरियाने कधी तशी झाली नव्हती. पुढच्या रोपालाही होती. त्याच्या पुढच्याला नव्हती, पण त्याच्या पलीकडच्याला होती.

"आहे," काकू म्हणाल्या. दिवसभर त्या एवढंच म्हणत राहिल्या.

पाहणीच्या आदल्या दिवशी साहेब स्वतः वर आले. उतारावर हात कमरेवर ठेवून बराच वेळ बघत राहिले. आता लांबूनसुद्धा टकल्याला टकल्या म्हणवत नव्हतं.

"झालं तुमचं काम काकू," ते म्हणाले. "आता गोदामं दुसरीकडे शोधतील. फक्त एक करा. ही मधली वाळलेली तेवढी उपटून टाका. पाहुण्यांसमोर बरी नाही दिसत."

बायका पुढे झाल्या. काकूंनी हाताने थांबवलं.

"नको साहेब. ती इथेच राहतील. जी जगली आहेत, त्यांना ती लागणार आहेत."

साहेबांना नीटसं कळलं नाही, पण काकूंचा चेहरा बघून त्यांनी मान हलवली. ते खाली उतरू लागले.

काकू एका वाळक्या रोपाजवळ गुडघे सांभाळत बसल्या. ते त्यांच्याच हातचं होतं, बी पेरल्यापासूनचं. त्यांनी ते अलगद वाकवून मोडलं, शेजारच्या हिरव्या रोपाच्या पायाशी आडवं ठेवलं आणि झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण ओढावं तसा त्याच्यावर ओंजळभर पाला ओढला. मग वन्संच्या हाताचा आधार घेऊन त्या उठल्या आणि पुढच्या रोपाकडे गेल्या.