खोलीवरची दोन नावं

दादाला कारखान्यात लेथवर उभ्या-उभ्याच पक्षाघाताचा झटका आला, त्याला आज चार दिवस झाले. इस्पितळात आहे, अजून शुद्ध नाही. वहिनी उशाशी बसून आहेत आणि मी पायाशी, हातात त्याचा फोन घेऊन.

परक्या देशात राहायचं म्हणजे दर तीन महिन्यांनी ऑनलाइन कळवावं लागतं, की बाबांनो, आम्ही आहोत आणि याच पत्त्यावर आहोत. आमच्या घरात हे काम दादाचं. फॉर्म तिघांचे, नंबर मात्र एकच, कर्त्या पुरुषाचा. मी शिलाईच्या कारखान्यात दिवसभर कॉलर बसवते, मला काय एक फॉर्म भरता आला नसता? पण आमच्याकडे पद्धतच तशी. विचारलं की म्हणायचा, "झालंय सगळ्यांचं. तू तुझं मशीन बघ."

डोंबलाचं झालंय. माझा फॉर्म राहिलाच होता आणि आज संध्याकाळी सहाला मुदत संपत होती. राहण्याचा परवाना गेला तर मला परत जावं लागणार, मग दादाचं करायचं कोणी? एकट्या वहिनींनी? ओटीपी जायचा दादाच्या फोनवर, आणि फोनला कुलूप त्याच्या अंगठ्याचं.

"वहिनी, जरा त्याचा हात उचला."

वहिनींनी उचलला, पण तोंड भिंतीकडे फिरवलं. लोखंड कापून कापून अंगठ्यावरच्या रेघा पार झिजल्या होत्या. ओल्या फडक्याने पुसला, दाबला, पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा फोन उघडला. मला स्वतःची किळस आली.

आत वहिनींचा फॉर्म मंजूर होता. दादाचा नामंजूर. एकदा नाही, तीनदा. कारण लिहिलं होतं, कारखान्याचा पत्ता राहण्याचा म्हणून चालत नाही. दुरुस्तीची शेवटची मुदत, आज संध्याकाळी सहा.

कारखान्याचा पत्ता कशाला दिला असेल याने? मग घरमालकाचा कागद सापडला. आमच्या खोलीवर दोनच माणसांना परवानगी आहे. सहा महिन्यांपूर्वी मी येईपर्यंत ती दोन नावं दादा आणि वहिनींची होती. मी आले आणि त्याने फॉर्मांत स्वतःचं काढून माझं घातलं. मागच्या वेळी ते खपून गेलं, या वेळी पकडलं गेलं. हे सगळं पोटात ठेवून हा माणूस रोज डबा घेऊन कामावर जात होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे! असा राग आला की तो शुद्धीवर असता तर भांडले असते.

त्याचा परवाना गेला की इस्पितळाचं कार्डही बंद, हे दाखल करतानाच नर्सने सांगितलं होतं. म्हणजे हा पलंगही गेला.

सव्वापाच वाजले होते. या वेळच्या फॉर्मांत खोलीवर एक जागा अजून भरायची होती, माझी. मी दादाचा फॉर्म उघडला, कारखान्याचा पत्ता खोडला आणि खोलीचा घातला. ओटीपी आला. टाकला. थोडा वेळ चक्र फिरत राहिलं आणि मग मंजूर झाल्याचा निरोप आला.

"गेला का गं तुझा फॉर्म?" वहिनींनी विचारलं.

"झालंय सगळ्यांचं," मी म्हणाले आणि दादाचा हात चादरीखाली सरकवला.